मृदंगावरची कणीक

त्या दिवशी भागोजी शाळंतून आले ते मृदंग खांद्यावर घेऊन, आणि डाव्या अंगाला कणीक तशीच चिकटलेली. तुळसाच्या तेव्हाच ध्यानात यायला पायजे होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात कणीक न काढता मृदंग खाली ठेवलेला तिनं कधी बघितला नव्हता. वाजवायच्या आधी ओली कणीक लावायची, वाजवून झालं की लगेच खरवडायची. सुकली की चामडं तडकतं.

"दम लागलाय गो," बोलले. "च्या टाक."

भिंतीला टेकून बसले. ती कप घेऊन आली तर मान कलंडलेली. गाडी करून पोलादपूरला नेलं. डॉक्टर बोलला, वाटेतच गेले.

अठ्ठावीस वर्षं मुंबईत वॉचमन होते, शनिवारी भजनात वाजवायचे. गावी आले ते छातीचं दुखणं घेऊन. तुळसा शाळंत पोरांची खिचडी शिजवते, तिच्या मागं मागं हे पण जायला लागले. गुरुजी बोलले, बुवा, बसलाच हाय तर पोरांना गाणं शिकवा.

पोरं अकरा. त्यात श्रुतिका, राहीबाईची नात, तिसरीतली. बोलत नाय. आवाज झाला की कानावर हात. जास्त झाला तर आपलंच मनगट चावते. झांजा वाजल्या की पळत तुळसाच्या चुलीकडं. अशा पोरांना शिकवणाऱ्या तालुक्याच्या बाई मंगळवारी यायच्या, बोलायच्या, हिला सगळ्यांत बसवा. पण बसवायची कशी?

"अवो, सोडा तिला. कशाला जीव काढता?"

"तिलाच कान हायत गो. बाकीचे नुसते बडवतात. तू पण."

"मी कवा मृदंग बडवला?"

"मृदंग नाय. मला."

मग एक दिवस त्यांनी श्रुतिकाच्या हातात कणकेचा गोळा दिला. तिनं लावला. कमी लागला, आवाज फुटका आला, पोरगीचे हात तसेच कानावर, केसांत सगळी कणीक. अजून लावली. आवाज खाली गेला, घुमायला लागला, तसे हात खाली आले. "आता लागला," भागोजी बोलले. तेव्हापास्नं तिचे हात खाली आल्याबिगर गाणं चालू होत नव्हतं. कणीक काढायचं काम पण तिचंच. शाळंमागं कोंबड्यांना टाकायची. रोज घरातनं मूठभर पीठ तुळसानं न्यायचं, कुरकुर करत.

गॅदरिंग जवळ आलं. गुरुजी बोलले, "बुवा, पाहुणे येणार. मधीच श्रुतिका ओरडली तर? त्या दिवशी ती तुळसाबाईंकडं चुलीजवळ बसू दे."

"ती नाय तर मी नाय," भागोजी बोलले.

घरी तुळसानं त्यांनाच झापलं. गुरुजींशी कशाला वाकडं घेता? त्यांनी कूस बदलली.

भागोजींच्या शेवटच्या दिवशी श्रुतिकाला ताप होता, शाळंत आली नव्हती. म्हणून कणीक ऱ्हायली.

स्मशानातनं परत आल्यावर गुरुजी तुळसाला बोलले, गाणी आता स्पीकरवर लावू, श्रुतिकाला तुम्ही सांभाळा. तुळसा बरं बोलली. नाय बोलायला पण बळ लागतं.

पाचव्या दिवशी राहीबाई नातीला घेऊन समाचाराला आली. बायांनी गळा काढला, तशी पोरगीनं कानावर हात घेऊन भिंतीकडं तोंड केलं. तिथं खुंटीला कोणीतरी मृदंग टांगलेला. हात खाली आले. तिनं तो ओढूनच काढला.

"ए, ठेव तो! सुतक हाय!" एक बाई ओरडली.

"असू दे," तुळसा बोलली.

पोरगीनं तांब्यातल्या पाण्यात ओढणीचं टोक भिजवलं, कणकेवर ठेवलं. बसली. मग नखानं थोडी थोडी सोडवली. बाया रडतच होत्या, तिचे हात कानाकडं गेले नाय. चामडं वाचलं होतं. कणीक तिनं अंगणात कोंबड्यांना टाकली आणि येऊन तुळसापुढं उघडा तळहात धरला, शाळंत कणकेच्या गोळ्यासाठी धरायची तसा.

"काकू," तुळसा राहीबाईला बोलली, "गॅदरिंगला हिला माझ्या चुलीकडं धाडू नका."

"मग कुठं गो?"

"मृदंगाजवळ. गुरुजींना मी सांगते."

"आन् वाजवंल कोण?"

"गावच्या भजनातला रामजी वाजवंल. नायतर कोणी नाय वाजवणार. ती बसंल."

पाच दिवस शेजारणीच जेवण आणत होत्या. तुळसा गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पिठाचा डबा उघडला.