खोडाखोडीचे कागद

भिजवलेल्या मेथ्यांचा वास आला की मला आर्वीचं आमचं अंगण आठवतं. पन्नास-बावन्न साल असेल. शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सबाई वेल्सच्या. त्यांच्या वेल्श भाषेत कविता लिहायच्या. रजेवर घरी जाताना कवितांची पेटी अन् किल्ली माझ्याकडे ठेवून गेल्या. परतल्या, तेव्हा आई पेटीतल्या कागदांचा मेथ्या घालून कुटलेला लगदा उपड्या घमेल्यावर थापून टोपली करत होती. "खोडाखोडीचेच भिजवले, बाई. कोरे तुमाले ठेवले हायेत," ती कौतुकानं म्हणाली. बाईंनी ओल्या टोपलीवरून हात फिरवला आणि "छान झाली" एवढंच म्हणाल्या. त्यांच्यासमोर मी आईला अडाणी म्हणून तणतणले. आईनं टोपलीसाठी रद्दी मागितली, तेव्हा ती शोधायचा कंटाळा करून पेटीची किल्ली मीच तिच्या हातात दिली होती, हे मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही.