पेटीसाठी उंची

बाबांना फुकटच्या गोष्टींचं भारी कौतुक. क्रेडिट कार्डासोबत परदेश प्रवासाचा विमा फुकट मिळतो हे कळल्यापासून तो त्यांनी आमच्या अख्ख्या कामतघर वस्तीत मिरवला. पुढे भिवंडी-सुरतच्या व्यापाऱ्यांबरोबर कापड विणायचे नवे लूम बघायला चीनला जायचं ठरलं. वेगळी पॉलिसी घ्या, असं तिकिटं काढणाऱ्या एजंटाने सांगितलं. आईनेही तोच धोशा लावला.

"दोनदा विमा काढून काय दोनदा मरायचं हाय?" बाबा म्हणाले. आईने तोंडावर बोट ठेवलं. निघताना असं बोलू नये. मी मात्र हसले.

तिकडे त्यांची बस उलटली. एजंटाचा फोन आला. दोघांना फार लागलंय, एक बाबा आणि दुसरे सुरतचे शेठ. दोघं एकाच इस्पितळात, दोघंही बेशुद्ध, दोघांकडे एकाच बँकेचं कार्ड. बाकीच्यांना दुसऱ्या गावी हलवलं होतं. "आता कार्डवाल्यांची माणसं बघतील सगळं. त्यांचाच फोन येईल," म्हणून तो मोकळा झाला. आई आणि मी फोनपाशी बसून राहिलो.

फोन आला तेव्हा भर दुपारी लाइट गेली होती. गल्लीतले सगळे लूम बंद. आम्ही खडखडाटात वाढलेली माणसं, ती शांतता आम्हाला सोसत नाही. पलीकडे एक बाई होती, गोड आवाजाची. बाबा गेले, असं तिने हिंदीत सांगितलं. मग त्याच गोड आवाजात विचारलं, "बॉक्स के लिए उनकी हाइट बता दीजिए."

मला बाबांची उंची माहीत नव्हती. रडू यायच्या आधी मला त्याचाच राग आला. मी आईला विचारलं. ती उठली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि आपल्या डोक्याच्या वर, हवेत, हात आडवा धरला. दारात जणू बाबाच उभे होते आणि तिने त्यांच्या डोक्यावर हात टेकवला होता. मी कापड मोजायची टेप आणून तिच्या तळहातापासून जमिनीपर्यंत मोजलं. तो हात जरासुद्धा हलला नाही. मी आकडा सांगितला, बाई म्हणाली, "थँक यू, मॅडम."

मग घर भरलं. रडणं झालं. बांगड्यांचा विषय निघाला, तेव्हा आत्या गरजली, "माझा भाव घरी येऊ द्या आधी!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन वाजला. मी उचलला. आधी माझंच 'हॅलो' माझ्या कानात परत आलं, आणि त्याच्या मागून बाबांचा आवाज. "मेलो का जगलो, कुनी इचारनार हाय का न्हाय? एक फोन न्हाय तुमचा!"

मी आईला हाक मारली. आईने रिसीव्हर घेतला, नुसतं ऐकलं आणि मला परत दिला. "आवाज त्यांचाच हाय," ती हळूच म्हणाली, "पन ते बोलतायत कुठून?" बाबांनी तिकडून अस्सल शिवी हासडली, तेव्हा कुठे माझा विश्वास बसला. गेले होते ते सुरतचे शेठ. कार्डवाल्यांच्या लेखी सगळ्या कार्डांचा पॉलिसी नंबर एकच, त्यात दोन घरांची अदलाबदल झाली होती.

बाबा हात गळ्यात बांधून घरी आले. आत्या खूश. कुणाच्या डोक्याला कावळा शिवला की नातेवाइकांना तो मेल्याची खोटी बातमी धाडतात, त्यांनी रडून घेतलं की संकट टळतं, हे तिचं पक्कं मत. "रडून झालंय आमचं. आता शंभर वर्षं जगशील," ती म्हणाली. पण आई त्यांचं पान वाढायची आणि पहिला घास पोटात जाईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहायची. ते दारात आले की दचकायची. मीसुद्धा. उगाच कशाला लपवू, मला माझ्याच बापाची भीती वाटायची. एक मरण आमच्या घरात येऊन राहून गेलं होतं, आणि परक्याच्या विड्यांचा वास रेंगाळावा तसं ते जात नव्हतं.

महिनाभराने सुरतहून फोन आला. शेठची बायको. आईने स्पीकर लावला, बाबा शेजारी चहा पीत होते.

"बहन, एक ही बात पूछनी है," ती बाई म्हणाली. "उस दिन मुझे कार्डवालों का फोन आया था. बोले, होश में आ गए हैं. बोले, घरवाली से कहना रोए नहीं, मैं आता हूँ. फिर पता चला कि..." ती थांबली. "वो आपके वाले ने कहा था न?"

बाबांनी कप खाली ठेवला. तोंड उघडलं. आईने हात वर करून त्यांना गप्प केलं.

"न्हाय बहन," आई म्हणाली, "हमारे तो तब बेहोश थे. वो तुमारेवालेनेच बोला."

पलीकडे मग ती बाई मोठ्याने रडू लागली, आणि आई ते संपेपर्यंत हूं हूं करत राहिली.

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "मीच बोललो व्हतो ते. तुझ्यासाठी."

"माहीत हाय," आई म्हणाली. "पन आता ते तिचं हाय. परत बोलू नका."