आत्याच्या दुकानात उजाडलं

माझ्या आत्याचं पक्ष्यांचं दुकान एका जिन्याखाली आहे. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत दिवेलागणीची वेळ. एक मिणमिणता बल्ब, त्याखाली पिंजरे आणि पिंजऱ्यांच्या मधोमध खुर्चीवर पेंगणारी आत्या. पक्षीही पिसं फुलवून गप्प. "हे गातात का हो?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की आत्या जांभई देत म्हणायची, "मूड लागला तर."

असा मुका पक्षी कोण घेणार? शेवटी आतोबांनी बजावलं, "या महिन्यात काही खपलं नाही, तर दुकानाला कुलूप." कुलूप म्हणजे आत्या दिवसभर घरी, आतोबांसमोर! हे निवृत्त फोटोग्राफर. भाजी चिरतानासुद्धा तिला सांगतात, मान जरा डावीकडे घे.

पण माणूस मनानं वाईट नाही. कुलूप आणायच्या आधी त्यांनी दुकानात डोकावून निदान केलं, "अगं, ही दिवसा जागणारी पाखरं. तुझ्या या अंधारात त्यांच्या लेखी अजून उजाडलेलंच नाही!"

"अकरा वाजलेत की."

"त्यांना घड्याळ कळत नाही, उजेड कळतो."

माळ्यावरचा स्टुडिओतला दिवा आणून त्यांनी तो दुकानात टांगला. रोज सकाळी लख्ख उजेड पडू लागला आणि आठवड्याभरात पाखरांनी दुकान डोक्यावर घेतलं. उड्या, भांडणं, आंघोळी, गाणी! आत्याची पेंगही पळाली. ती तरी कुठं घुबड होती?

तरीही पक्षी एकही खपेना. आतोबा चक्रावले. समोरच्या सलूनमध्ये दाढीला बसून आरशातून पाळत ठेवू लागले. बघतात तर काय, गिऱ्हाईक पायरी चढलं की आत्या दिवा बंद करते. अंधार झाला की पाखरं चिडीचूप.

"आत्ता तर आवाज येत होता?"

"रेडिओ होता. हे मुकेच आहेत हो."

गिऱ्हाईक वळलं तसे आतोबा अर्ध्या गालावर फेस घेऊनच आत घुसले. "हे काय चाललंय?"

आत्याचे डोळे भरून आले. "आता एकेकाचा आवाज ओळखते मी. कुठला देऊ?"

"मग दुकान चालवायचं कशाला?"

"तुम्ही घरी असता म्हणून," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

आतोबा कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. गालावरचा फेस वाळत होता.

"घरी मलाही करमत नाही गं," ते म्हणाले. "लाव तो दिवा."