ढिल्या कडीचा कॅमेरा

माणसाला मारताना बरं वाटतं, हे मला अक्कलकुव्यात एका भर दुपारी कळलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

माझा शहाद्याला फोटो स्टुडिओ. लग्नं डिजिटलवर, स्वतःची हौस मात्र रोलवर. जुन्या कॅमेऱ्याला लेन्स मिळेनाशा झाल्या, म्हणून कंपनीच बदलायची ठरवली. एकीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला बसत नाही, त्यामुळे सगळं बिऱ्हाड एकदम हलवावं लागतं. अक्कलकुव्यातल्या एका स्टुडिओवाल्याशी अदलाबदल ठरली. माझ्या कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाची कडी ढिली होती, ते मी सोयीस्कर गिळून टाकलं.

"मझार रोल शे का?" त्यानं विचारलं.

"नही. रिकामा शे. उघाड."

आत रोल असला की वरची गुंडी फिरवताना जड लागते. आम्ही लोक उघडण्याआधी ती फिरवून बघतोच. माझ्या शब्दावर त्यानं बघितली नाही. झाकण उघडलं, आतली फिल्म दिसली आणि मला आठवलं. प्रकाशा गावच्या आमच्या केळीच्या बागेत काढलेले वडिलांचे शेवटचे फोटो. ते गेल्यापासून मी कॅमेऱ्याला हातच लावला नव्हता.

पहिला फटका कधी बसला, कळलं नाही. दुसरा मी नेम धरून तोंडावर मारला. ओठ फुटला. कॉलर धरून त्याला कपाटावर आपटला. काच फुटली, माझीच लेन्स खाली पडून तिचे तुकडे झाले, तरी माझा हात थांबेना. माझ्याहून धिप्पाड माणूस, पण हात म्हणून वर करेना. त्याचा मला आणखीच संताप आला.

"आरे, थांब ना! उजेड जाई ऱ्हायना मझार!"

तेव्हा मी खाली पाहिलं. त्यानं दोन्ही हातांनी कॅमेऱ्याचं झाकण दाबून धरलं होतं. कडी लागत नव्हती. तोंड वाचवायला त्यानं हात उचलले असते, तर रोल गेलाच असता.

तसाच रक्ताळलेल्या शर्टानं तो डार्करूममध्ये गेला. मी काचा गोळा करत बसलो. तासाभरानं तो ओली फिल्म घेऊन बाहेर आला. बहुतेक सगळी काळी पडली होती. सुरुवातीचे तीन फोटो आत खोल गुंडाळलेले, तेवढे वाचले होते.

खिडकीच्या उजेडात आम्ही ते पाहिले. लहानपणी वडिलांचा मार मी इतका खाल्लाय, की आपण कुणावर हात उचलायचा नाही, अशी शपथच घेतली होती. तिसऱ्या फोटोत ते कॅमेऱ्यावर चिडून, हात उगारून अंगावर येत होते.

"हाऊ तुन्हा बाप शे का?" सुजलेल्या ओठानं तो म्हणाला. "तुन्हासारखाच दिसस."

मी उजवा हात पाठीमागे नेला.