वाचून न दाखवलेला ठराव

मैनामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुसदला शाळेत होतो. आठवीचा तास संपवून नळावर हात धूत होतो, खडूची भुकटी अजून बोटांवर होती. फोन सुमनचा होता, मावशीच्या मुलीचा. "दादा, माय गेली," एवढंच ती म्हणाली. तिच्या मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. त्या वेळी माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रडू नंतर आलं. आधी वाटलं, सुटलो. आता ते रजिस्टर मागणारं कुणी राहिलं नाही... ज्या बाईनं मला हाताला धरून शाळेत नेलं तिच्या मरणाची बातमी ऐकून मला हे वाटलं. घाटंजीला जाणाऱ्या बसमध्ये मी सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. याला आता काही आठवडे झाले.

आमचं पोड घाटंजीपासून आत, डोंगराच्या पायथ्याला आहे. पोड म्हणजे आम्हा कोलाम आदिवासींची वस्ती. पंचवीस-तीस घरं, एक अंगणवाडी, एक पत्र्याचा सभामंडप. मावशी बांबूच्या टोपल्या, सुपं, डाले विणायची. माझी आई लवकर गेली, तेव्हापासून मी तिच्याच घरी वाढलो. आश्रमशाळा दोन डोंगर पलीकडे होती. सुट्टी संपली की ती डोक्यावर टोपल्यांची चळत आणि एका हातात माझं मनगट धरून मला तिथे पोहोचवायची, आणि तिथूनच पुढे बाजाराला जायची. शाळेत जायचं नाही म्हणून मी एकदा वाटेत बसून राहिलो, तेव्हा तीही माझ्यासमोर बसली. रागावली नाही. म्हणाली, "मले पाटीवरचं नाव वाचता येत नाही, म्हणून बसवाला विचारा लागते ही गाडी कोठं जाते. तो हासते. तुले कोणी हासू नये." मी उठलो. पोडातला पहिला बारावी झालेला मुलगा मी, आणि त्याचं कौतुक माझ्यापेक्षा तिलाच जास्त होतं.

वनहक्काचा कायदा आमच्या पोडापर्यंत पोहोचला तेव्हा मी घाटंजीला एका वसतिगृहात कारकुनी करत शिक्षक होण्यासाठी शिकत होतो. गावाची वनहक्क समिती करायची होती. सभामंडपात सगळे जमले आणि सचिव कोण यावर गाडी अडली, कारण त्याला लिहिता यायला हवं होतं. मावशी मागून उठून म्हणाली, "आपला महादेव हाय ना. बाहेरचा लिहिणारा काहून आनता? आपल्यातला लिहिणारा असला म्हनजे आपन म्हनू तेच कागदावर येईन." सगळ्यांनी हात वर केले. मीही वर केला, स्वतःसाठीच. लोक हसले.

नकाशासाठी आम्ही तीन दिवस डोंगर फिरलो. पुढे मावशी, हातात कोयता, मागे म्हातारी माणसं, आणि सगळ्यात मागे मी वही घेऊन. ती प्रत्येक नाल्याचं, प्रत्येक दगडाचं नाव सांगायची आणि मी लिहायचो. इथे देव, इथे मोहाची झाडं, इथे उन्हाळ्यातही आटत नाही असा झरा. वरच्या अंगाला बेलदरी नावाची दरी आहे, सगळी बांबूची. तिथे पोचल्यावर ती म्हणाली, "हे चांगलं जाड अक्षरानं लिही." मी खरोखर दोनदा गिरवून लिहिलं.

दावा कचेरीत गेला आणि पडून राहिला. मी खेटे घालू लागलो. तिथल्या ज्या बाबूकडे फाइल होती त्याचं नाव, गाव इथे सांगण्यात अर्थ नाही, कारण गोष्ट त्याची नाही, माझी आहे. त्यानं माझ्याकडून एक पैसा मागितला नाही. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला, सर म्हणाला. मला तोवर कुठल्याही कचेरीत कुणी सर म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, वरच्या अंगाचा भाग अडचणीचा आहे, तेवढा सोडला तर महिना संपायच्या आत मंजुरी येईल. हा भाग आम्हाला नको, असा ग्रामसभेचा ठराव तेवढा आणून द्या. मी म्हटलं, पोडात विचारून येतो. तो हसला. "तुम्ही सचिव ना सर? मग गाव म्हणजे तुम्हीच."

सभा झाली नाही. मी घाटंजीच्या खोलीत बसून रजिस्टरात ठराव लिहिला, सुंदर अक्षरात. सभेची तारीख टाकली, सूचक टाकला, अनुमोदक टाकला. सर्वानुमते मंजूर, असं लिहिलं. मग रविवारी पोडात जाऊन घरोघर अंगठे घेतले. कुणी काही विचारलं नाही, कारण मी त्यांचा होतो. मावशी अंगणात बांबू सोलत होती. तिनं हात लुगड्याला पुसला आणि विचारलं, "काय लिहिलं हाय यात?" मी म्हटलं, "आपल्याच कामाचं हाय मावशी." तिनं अंगठा दिला. त्या वेळी मला फार मोठं पाप केल्यासारखंही वाटलं नाही, हे कबूल करतो. वाटलं, थोडं सोडून बाकीचं पदरात पडतंय. लोकांना विचारत बसलो तर वर्ष जाईल. शहाणपण म्हणतात ते हेच, असं वाटलं.

ठरावाची प्रत मी कचेरीत दिली आणि मंजुरी आली. पोडात ढोल वाजले. पुढच्या उन्हाळ्यात मावशी आणि चार बायका बेलदरीत बांबूला गेल्या आणि वनरक्षकानं त्यांना अडवलं. हे तुमच्या हद्दीत नाही, तुमच्याच ग्रामसभेनं सोडलंय, असं त्यानं सांगितलं. कोयते काढून घेतले. मावशी तशीच घाटंजीला माझ्या खोलीवर आली. ओरडली नाही. दाराशी टेकून बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "महादेव, ते रजिस्टर सभेत वाचून दाखव. आमी काय म्हटलं ते आमाले ऐकू दे." मी म्हटलं, ते कचेरीत आहे. पुढच्या खेपेला म्हटलं, साहेबांकडे सहीला आहे. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी चिडून बोललो, "तुले वाचता येते का? मंग काय करतं रजिस्टर पाहून?" तिनं डोईवरचा पदर सारखा केला. मग उठून गेली. ते रजिस्टर तेव्हा माझ्या पलंगाखालच्या पेटीत होतं, तिच्यापासून दोन हातांवर.

सुमन तोवर अंगणवाडीत मदतनीस झाली होती. तिच्याकडून मावशीनं माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून घेतला. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मिळावी, एवढीच मागणी. अर्ज फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मी लेखी उत्तर दिलं की रजिस्टर वाळवीनं खाल्लं, प्रत देता येत नाही. तिनं अपील केलं. सुनावणीच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून आली होती. अधिकाऱ्यानं मला विचारलं, रजिस्टर खरंच नष्ट झालं का? मी हो म्हटलं. मग त्यांनी तिला विचारलं, तुमचं काय म्हणणं? तिला वाटलं, उभंच राहून बोलायचं असतं. ती उठली आणि म्हणाली, "साहेब, हा माह्या बहिणीचा पोरगा हाय. हा म्हनते तं खाल्लं असन वाळवीनं. माह्यं त्याच्याशी भांडन नाही. पन आमी सभेत काय म्हटलं ते कोठंच नसन, तं मंग आमी बोललोच नाही असं झालं. एवढं पाहा." अधिकाऱ्यांनी तिला बसायला सांगितलं. मग कचेरीच्या फाइलमध्ये शोध घेऊन प्रत असल्यास द्यावी, असा आदेश त्यांनी लिहिला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "जेवला का?" मी पाठ फिरवून बसस्टँडकडे चालू लागलो. दोन महिन्यांत पुसदची नोकरी धरली आणि निघून गेलो. प्रतीचं काय झालं ते विचारलंही नाही. नसेलच मिळाली, असं मानून राहिलो. सणाला गेलो तरी संध्याकाळच्या आत परत निघायचो.

मातीनंतर पाचव्या दिवशी सुमननं मला अंगणात बसवलं. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. माझ्या अक्षरातल्या ठरावाची शिक्का मारलेली प्रत होती ती. "आदेशानंतर दीड महिन्यानं पोस्टानं आली," ती म्हणाली. "मायनं माह्याकून चार वेळा वाचून घेतली." म्हणजे इतकी वर्षं मावशीला शब्दन् शब्द माहीत होता. मी सणाला यायचो, तिनं वाढलेलं जेवायचो, तेव्हाही. बेलदरीसाठी तिनं पोडातर्फे पुन्हा दावा घातला होता. त्यात कुणाचं नाव नव्हतं, 'चुकून राहून गेलेला भाग' एवढंच लिहिलं होतं. आणि तो दावा तिथेच अडला होता. ग्रामसभेनं स्वतः हा भाग सोडला, असा ठराव कागदावर असताना चूक कुठली, असं कचेरी विचारत होती. पोडाचे तर त्यावर अंगठे होते; सभाच झाली नव्हती, हे सांगितल्यावर कचेरी मानेल असा माणूस एकच होता.

"तिनं मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मी म्हटलं होतं मायले, सभेत दादाचं नाव घे म्हणून," सुमन म्हणाली. "माय म्हणे, मी नाव घेतलं तं त्याले पोड सोडा लागन. त्यानं सोताहून सांगितलं तं ऱ्हाता येईन." कागद पिशवीत ठेवत ती म्हणाली, "मले नाही पटलं ते. आजही नाही पटत. बायका किती साल बांबूसाठी लपत गेल्या, तुले माहीत हाय?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पुसदहून रजिस्टर घेऊन आलो आणि सभामंडपात उभा राहून ठराव वाचला. तारीख, सूचक, अनुमोदक, सगळं. मग सांगितलं की या दिवशी सभा झाली नव्हती, हे मी खोलीत बसून लिहिलं, आणि अंगठे खोटं सांगून घेतले. वाळवीचंही सांगितलं. म्हाताऱ्यांना मराठी नीट कळत नाही, म्हणून सुमन प्रत्येक वाक्य कोलामीत सांगत होती. माझा प्रत्येक अपराध मला दोनदा ऐकावा लागला, दुसऱ्यांदा आईच्या भाषेत. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. ज्यांचं नाव मी अनुमोदक म्हणून घातलं होतं ते भीमराव काका एवढंच म्हणाले, "मी त्या सालात तं तेलंगणात होतो, कापूस येचाले." मग खाली पाहून बसले. मला वाटतं, बेलदरी आपल्या नावानं सुटली म्हणून त्यांना माझ्याऐवजी स्वतःचीच लाज वाटत होती. ते बघणं सगळ्यात अवघड गेलं.

माझा जबाब आता दाव्याला जोडला आहे. निकाल लागलेला नाही. लागेल का, कसा लागेल, मला सांगता येत नाही. मी केलेल्या खोटेपणाबद्दल वेगळी चौकशी होईल असं कचेरीतून कळलं आहे, ती व्हावी. पोडात मला कुणी ये म्हणत नाही, जा म्हणत नाही. सचिव आता सुमन आहे.

परवाच्या सभेला मी मागच्या ओळीत बसलो होतो. सुमननं नवीन ठराव लिहिला, मोठ्यानं वाचला, कोलामीत सांगितला आणि अंगठ्यांसाठी रजिस्टर पुढे सरकवलं. कोपऱ्यातल्या सोनाबाईनं हात मागे घेतला. मावशीबरोबर बेलदरीत अडवलेल्या बायकांपैकी ती एक. "पुन्हा वाच," ती म्हणाली. सुमनचा चेहरा पडला. "काकू, माह्यावर भरोसा नाही का?" सोनाबाई म्हणाली, "हाय ना. म्हणूनच वाच म्हनतो."

सुमननं रजिस्टर परत ओढून घेतलं, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.