हिरे कापणारा किरण आणि ताई

त्या फोनला महिना झाला. पीसीओवाल्याने खालून हाक मारली, "बेन, पांडेसराथी फोन छे," म्हणजे ताईच्या घरून; जिना उतरताना माझ्या मनात एकच आलं... ताईचं रक्त पुन्हा सुरू झालं. पण फोनवर भाचा रडत होता. हार्ट अटॅक म्हणाला. माझी थोरली बहीण गेली होती.

पाच-सहा वर्षांपूर्वी तिचं अंगावरून जाणं थांबेचना. पाळी आली की जायचं नाव घेत नसे. चेहरा पांढराफटक, चार पावलांत धाप. एकदा नळावर चक्कर येऊन पडली आणि पायाखालचं पाणी लाल झालं. मी घाबरले. तिला माझ्याच घरी आणलं. गोळ्या झाल्या, क्युरेटिंग झालं, मग पिशवी काढायचं निघालं आणि ताईने हातपाय गाळले. आमची मावशी त्याच ऑपरेशनला गेली होती, ती परत आली नाही. शेवटी डॉक्टरबेन म्हणाल्या, लेसर करू. पोट न फाडता आतलं अस्तर तेवढं जाळायचं, पिशवी राहते.

रात्री जेवताना हे सांगितलं, तर आमचे हे, हिऱ्याच्या कारखान्यातले, म्हणाले, "आमना कारखानामा तेच मशीन शे. हिराना दोन तुकडा करस." झालं! या माणसाला कुठे काय बोलावं कळेल तर शपथ. ताईचा घास हातातच राहिला.

"हिरा कापस... मंग मना पोटमा काय उरी?"

रक्त जाऊन मरेल की आतून जळून, एवढंच मला दिसत होतं. ऑपरेशनच्या सकाळी तिने डॉक्टरबेनना सरळ विचारलं, हिरे कापतात तोच का हा. त्या खोटं बोलल्या नाहीत. "प्रकाश तो ए ज छे, बेन. पण हाथ मारो छे." प्रकाश तोच, पण हात त्यांचा.

"बतावो," ताई म्हणाली. त्यांचा हात दोन्ही हातांत धरून तिने उलटसुलट पाहिला आणि आत गेली. बाहेर बाकावर मला देवाचं नावही आठवेना.

रक्त थांबलं. भीती मात्र तिच्या अंगातून गेली नाही. लग्नात, बसमध्ये, मुलाच्या शाळेत, कुठूनही उठली की माझ्याकडे पाठ करायची. "मांगे देख वं, काही लागनं का?" मी हसायचे, चिडायचे, पण दर वेळी साडीवर डाग आहे का ते पाहायचे.

त्या दिवशी तिला खाटेवरून उचललं. सगळ्या बाया तिच्या तोंडाकडे बघून रडत होत्या. माझी नजर गादीवर गेली. चादर स्वच्छ होती.

"काही नही वं ताई," मी म्हटलं. "चाल."