गाडी हलू नये म्हणून

राजारामपुरीतल्या क्लासमध्ये मी शिकवत होतो आणि खिशातला फोन थांबायला तयार नव्हता. शेवटी बाहेर जिन्यात येऊन घेतला. भाची होती, दवाखान्यातून. "मामा, बाबा गेले," एवढं बोलली आणि लगेच म्हणाली, "आईला अजून सांगितलं न्हाय. तिला सकाळपासून चक्कर हाय. तुम्हीच जावा..." रिक्षात बसल्यापासून मंगळवार पेठ येईपर्यंत दाजींचा विचार असा मनात आलाच नाही. अक्काला हे कसं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. ती भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून पडली होती. माझी चाहूल लागताच तिनं उशीची कड घट्ट धरली आणि म्हणाली, "काय सांगायचंय ते सांग. पण मला हलवू नको."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, विलासराव. पेठेत त्यांचा छोटा छापखाना होता. माणूस तापट, आवाज चढा. गिऱ्हाइकाशी भांडायचे, माझ्याशी तर हटकून. अक्काला कानाच्या आतलं दुखणं जडलं, तोल सांभाळणारा भागच बिघडला. पायाखालची जमीन जरा कलती असली तरी तिला सगळं घर फिरायला लागायचं, उलट्या सुरू व्हायच्या. औषधानं आराम पडे, पण दुखणं जात नव्हतं. लग्नकार्यं सुटली, देवदर्शन सुटलं, पुढंपुढं तर ती दारातसुद्धा येईना. छापखाना बंद केल्यावर दाजींनी उचगावच्या एका शेडमधून जीपमागं ओढायची चाकावरची खोली बांधून घेतली. आत एक खाट, शेगडी, कोपऱ्यात संडास. अक्का जीपच्या मागच्या सीटवर आडवी होऊन तासभर कशीबशी तग धरायची, पण थांबल्यावर तिला लगेच सपाट अंथरूण लागायचं. ते सपाट अंथरूण दाजी आता मागं ओढत नेणार होते. ऊस वाहायला ट्रॉली घेतली काय, असं पाहुणेमंडळी विचारत. दाजी त्यांच्याशीही भांडले.

कुठंही थांबलं की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. अक्का जीपमध्ये डोळे मिटून वाट बघत असे आणि ते गवंड्याची पाणसळ मागच्या गाडीच्या फरशीवर ठेवून तिच्यातला बुडबुडा बघत. जी बाजू खाली असेल तिकडच्या चाकापुढं फळी टाकायची, गाडी हळूच त्या फळीवर चढवायची. मग चाकांना मागूनपुढून दगड लावायचे आणि त्यानंतरच जीप सोडवायची. जीपला जोडायच्या पुढच्या दांड्याचा जॅक फिरवून गाडीचं नाक वरखाली करायचं. चार कोपऱ्यांचे टेकूचे लोखंडी पाय अगदी शेवटी, तेही नुसते टेकवायचे. त्यांच्यावर गाडी उचलायची नाही. हे सगळं होईपर्यंत कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. बुडबुडा मधोमध आला की अक्काला धरून आत नेत, झोपवत, आणि तिचा चेहरा सैल पडेपर्यंत तिथंच उभे राहत.

गगनबावड्याच्या रस्त्याला, कळे ओलांडल्यावर एका माळावर मी त्यांच्याबरोबर होतो. दुपारची वेळ. आदल्या दिवशी वळीव पडून गेला होता, पण वरची माती वाळलेली दिसत होती. गाडी सपाट लावली, जीप सोडवून रस्त्याकडेला नेली, अक्का आत झोपली. दाजी कोपऱ्याचे पाय खाली सोडायला वाकले आणि डाव्या चाकाखालची फळी चिखलात सरकली. चाक धाडकन खाली आलं, त्या हिसक्यानं दगड उडाले आणि गाडी मागं जायला लागली. मागं उतार होता आणि उताराच्या तळाशी ओढा. दाजींनी पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरला, टाचा रोवल्या. मी एक धोंडा उजव्या चाकामागं सारला आणि गुडघ्यानं रेटून धरला. गाडी थांबली, पण धोंडा मातीत तसूतसूनं सरकत होता. जीप समोर दिसत होती, तिथवर जायला मात्र दोघांपैकी कुणीच हात सोडू शकत नव्हतं. गाडीचं दार मागच्या बाजूला. अक्का घाबरून तिकडं गेली असती तर तिच्या वजनानं गाडी पुन्हा सुटली असती.

"सुमन, हाय तशी पड. उठू नको," दाजी म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आतून अक्काचा आवाज आला. "काय झालं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय, तर मग वरडत का न्हाईसा?"

दाजींनी टाचा आणखी रोवल्या. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. आत अक्काला उलटी होत होती, ते आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं... किती वेळ गेला, कळलं नाही. दुधाचा एक टेंपो वरून आला, पुढं गेला, थांबला आणि मागं आला. "पावणं, सोडू नगासा," म्हणत ड्रायव्हर उतरला, दोर दांड्याला बांधला आणि टेंपो एवढासा पुढं घेऊन दोर ताणला. तेव्हा कुठं दाजींनी हात सोडले. तळव्यांची सालटी निघाली होती. तशाच हातांनी त्यांनी गाडी वरच्या मुरमाड जागी घेऊन पुन्हा सपाट लावली आणि मगच रक्त धुतलं.

त्यानंतर अक्कानं गाडीचं नाव काढू दिलं नाही. दाजींनी वाद घातला नाही. गाडी उचगावच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली. थंडी सरल्यावर एक दिवस अक्काच म्हणाली, घरात जीव गुदमरतोय, चला. पुढं दाजींचं हृदय दगा देईपर्यंत ते दोघं जमेल तसं जात राहिले.

दाजी जाऊन महिना झाल्यावर अक्कानं त्याच माळावर न्यायला सांगितलं. मी नको म्हणालो, तिनं ऐकलं नाही. गाडी सपाट करायला मला बराच वेळ लागला. फळी दोनदा काढून पुन्हा घातली. चाकांना दगड लावले, तरी जीप सोडवायचं धाडस झालं नाही. जोडलेलीच ठेवून जॅक फिरवला. अक्का आडवी झाली. तिला पाणी देऊन मी आत खाटेशेजारी टेकणार, तोच तिनं डोळे न उघडता मला अडवलं.

"आत नको बसू. माणूस हलला की गाडी हलतीया. मला झोप लागेपर्यंत हे बाहेर त्या दांड्यावर बसायचे. मग उठेपर्यंत तिथंच. पाऊस आला तरी आत यायचे न्हाईत."

मी पायरीवरून हळूच उतरलो. दांड्यावर बसलो. ऊन तापलेलं होतं, लोखंड चटका देत होतं. सावलीत जावंसं वाटलं, पण आतून तिचा श्वास संथ झाल्याचं ऐकू येत होतं. मी हललो नाही.